रोज पुसला जाणारा इंग्रजी शब्द

मित्रांनो, औरंगपुऱ्यातल्या वाचनालयाच्या दाराशी टांगलेला जुना फळा तो मीच. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी फकिरा सुतारानं सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि करवंटीचा कोळसा उगाळून काळं केलं. तोंड काळं होण्यातही मान असतो, हे मला तेव्हा कळलं.

तो मान दिला आप्पासाहेब मास्तरांनी. त्यांचं शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. आता इंग्रजीवाचून चालेना. म्हणून स्वतः शिकता शिकता ते रोज माझ्यावर एक इंग्रजी शब्द लिहीत, अर्थासह आणि जन्मकथेसह. 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गोरे शिपाई घरी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून येडे व्हायचे, त्यावरून! 'व्हाइट एलिफंट', पांढरा हत्ती, म्हणजे पोसता पोसता मालकाला रडवणारी वस्तू. सयामचा राजा म्हणे नावडत्या सरदाराला असा हत्ती भेट द्यायचा.

"म्हंजे माझा मेहुणा!" समोरचा पानवाला सांडू ओरडला होता.

पुढं काचबिंदूनं मास्तरांचे डोळे गेले आणि मी कोरा पडलो. कुणी मला सायकल टेकवायचं, कुणी बोटाचा चुना पुसायचं. एक दिवस मास्तरांच्या पत्नी वच्छलाबाई सांडूजवळ हळूच बोलल्या, "रोज इचारतात, फळ्यावर आज काय? कोरा हाय म्हटलं तर घास उतरायचा नाय त्यांना. म्हनून सांगते, एक पोरगा लिहितो. पन रोज नवा शब्द कुठून आणू, भाऊ?"

"मग तुमीच लिवा की, वैनी."

"मी? भर रस्त्यात? लोक हसतील!"

पण मास्तरांची मोठ्यानं चाललेली घोकंपट्टी ऐकत त्यांनी जन्मभर भाकरी थापल्या होत्या. त्यांच्या वहीत डोकावता डोकावता अक्षरंही हाताला लागली होती. दुसऱ्या सकाळी पदर सावरून त्यांनी खडू धरला. लिहिलं, 'शॅम्पू'. इंग्रजांनी आपल्याकडून चंपी नेली, तिचा झाला शॅम्पू. खडू मोडला, पण हात थांबला नाही.

मग रोज लिहू लागल्या. धास्ती एकच, मास्तरांना खोटं कळलं तर?

एकदा मास्तर हट्टानं वच्छलाबाईंचा हात धरून आले. "सांडू, तो लिहिणारा पोरगा कुठाय रे? पाठ थोपटायचीय त्याची."

"कोन पोरगा? वैनीच लिवतात की!" सांडू बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

वच्छलाबाईंचा चेहरा उतरला. "अहो, मी..."

मास्तर तिच्या आवाजाकडं वळले. मग त्यांनी हात चाचपडत पुढं नेला आणि भर औरंगपुऱ्यात, दहा माणसांदेखत, बायकोची पाठ थोपटली.

"उद्याचा शब्द कोणता, मास्तरीण?"

मित्रांनो, आता ती दोघंही नाहीत. माझा रंग उडालाय, एक फळी तडकलीय. मला पुन्हा काळं करा, बाबांनो. आणि खडू धरताना लाजू नका. माझ्यावर चुकलेलं पुसता येतं.