हरणीच्या अंगावरची गोचीड

एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्यात मी बीबी गावच्या शाळेत मास्तर होतो. त्या उन्हाळ्यात अब्दुल गनी यांनी जे केलं ते मी जवळून पाहिलं. अशी माणसं मला पुढे फार भेटली नाहीत, म्हणून सांगतो.

गनीमिया देवीची लस टोचायचं काम करत. लोणारपासून आमच्या बीबीपर्यंतची वीस-पंचवीस गावं त्यांच्याकडे होती. सायकलच्या मागे लसीची पेटी बांधून ते हिंडत. शिक्षण उर्दू सातवीपर्यंत, मराठी लिहिताना हात अडखळायचा. पन्नाशी उलटलेली, एका कानाने कमी ऐकू यायचं. पण बावीस वर्षांत हजारो दंड त्यांनी हातात धरले होते, आणि देवीने गेलेली माणसंही पुष्कळ पाहिली होती.

त्या चैत्रात आमच्या गावच्या शालिग्रामच्या मळ्याच्या काटेरी कुंपणात एक हरणी अडकली. कुत्र्यांनी तिचा मागचा पाय फाडला होता. शालिग्रामने तिला सोडवलं, खांद्यावर टाकलं आणि मैलभर चालत घरी आणलं. तिच्या कानांत, मानेवर गोचिडी नुसत्या चिकटून बसल्या होत्या. तो आणि त्याची बायको रुख्मिणी दोघं बसून त्या उपटत राहिले. शालिग्राम एकेक गोचीड नखावर चिरडून टाकत होता. मग पायाला हळद बांधून त्यांनी हरणीला शेळीशेजारी छपरात बांधलं.

आठव्या दिवशी शालिग्रामला ताप भरला. डोकं इतकं ठणकायचं की डोळे उघडवत नव्हते. ताप आल्याच्या चौथ्या दिवशी मनगटांवर आणि घोट्यांवर तांबडे डाग उठले. दुसऱ्या दिवसापर्यंत ते तळहात, तळपाय आणि छातीवर पसरले. देवी आली अशी गावात बोंब झाली. गल्लीतली दारं लागली. रुख्मिणी विहिरीवर गेली की बाया घागरी उचलून निघून जायच्या. पोलीस पाटील नारायणराव शाळेत आले आणि माझ्याकडून गनीमियांना चिठ्ठी लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गनीमिया आले. त्यांनी हात धुतले आणि शालिग्रामची खाट ओसरीवर उजेडात काढायला लावली. पाटील आणि मी अंगणात उभे होतो. गनीमियांनी आधी तोंड पाहिलं, मग तळहात, मग पाय. डागांवरून बोट हळूहळू फिरवलं. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं.

"डाग कधी उठले, बाई?"

"परवा," रुख्मिणी म्हणाली.

"अन् डाग उठल्यावर ताप उतरला का?"

"नाई हो गनीभाऊ. जास्तच चढला."

गनीमियांनी शालिग्रामच्या तोंडावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग पाटलांकडे वळले. "पाटील, ही देवी नाई. देवी पह्यले तोंडावर येते. दाणा कडक लागते बोटाले, अन् दाणे उठले का ताप उतरते. याचं तोंड साफ हाये, डाग सपाट हायेत, अन् ताप चढूनच राह्यला."

"लिहून देता?" पाटलांनी विचारलं.

"देतो लिहून."

"अन् चुकलात तं?"

"चुकलो तं गावाले भोगावं लागीन. म्हणून आजच सारी गल्ली टोचून घेतो. माह्या एकट्याच्या डोळ्यावर लोकाईचा जीव टांगून ठेवत नाई मी."

मला त्यांचं सगळ्यात जास्त काही आवडलं असेल, तर ते हे वाक्य. त्यांना आपली खात्री होती, आणि खात्री असूनही ती चुकू शकते हे ते विसरले नव्हते.

मग त्यांनी शालिग्रामचा सदरा काढायला लावला आणि अंगाचा कोपरा न् कोपरा पाहिला. काखेच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढी काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी, आणि भोवती लाल कडं.

"हे कायचं?"

"गोचीड चावली होती तठी," रुख्मिणी म्हणाली. "त्याईनंच उपटून फेकली."

"बैलाची?"

"नाई. हरणीची."

गनीमिया उठून छपरात गेले. मीही मागोमाग गेलो. हरणीच्या कानाशी अजून चार-पाच गोचिडी होत्या. पेटीतल्या चिमट्याने त्यांनी त्या एकेक करून काढल्या आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकल्या. गोचिडींना कुठे हात लागू दिला नाही. काम करता करता मला म्हणाले, "मास्तर, अकरा वर्सं झाली. जंगलात लाकूडतोडीवर गेलेला एक माणूस असाच पाह्यला होता मी. असेच डाग, अशीच काळी खपली. एका डॉक्टरले सांगतलं तं तो हसला. मी गप बसलो. तो माणूस गेला. या खेपेले गप नाई बसत."

दिवस मावळेपर्यंत त्यांनी सगळी गल्ली टोचली. सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघं खामगावला निघालो. बरोबर ती बाटली आणि रात्री त्यांनी सांगितलेलं मी लिहून काढलेलं दोन पानी पत्र.

खामगावात डॉक्टर भगवंतरावांचा दवाखाना कापसाच्या बाजाराजवळ होता. त्यांनी पत्र वाचलं, बाटली उजेडात धरली, आणि म्हणाले, "रोगी पाहिल्याशिवाय मी औषध देत नाही. तुम्ही मला सगळं पहिल्यापासून सांगा."

गनीमियांनी सांगितलं. हरणी कोणत्या दिवशी आली, ताप कोणत्या दिवशी, डाग आधी कुठे, मग कुठे, बोटाने दाबला की डाग फिका पडतो की नाही, खपली किती मोठी, काखेत गाठ आहे का. कुठे अडखळले नाहीत आणि जे पाहिलं नव्हतं ते "नाई पाह्यलं" असं सरळ म्हणाले. डॉक्टर लिहून घेत होते. मध्येच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी स्वतः गेलो असतो तरी याहून जास्त पाहिलं नसतं," ते म्हणाले.

त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, वाचलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. गोचिडीच्या पोटात एक फार बारीक जंतू असतो. हरणं, गुरं, कुत्री यांच्या अंगावर ती वाढते. जनावराला सहसा काही होत नाही, पण ती माणसाला चावली, किंवा चिरडल्यावर तिचं रक्त खरचटलेल्या कातडीत गेलं, तर हा ताप येतो. देवीवर औषध नाही, यावर आहे. त्यांनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या, दर सहा तासांनी एक. शालिग्रामचं रक्त लोणारच्या दवाखान्यात काढून तपासणीला पाठवायची चिठ्ठीही दिली.

आम्ही परतलो तर शालिग्रामच्या दारात चार माणसं काठ्या घेऊन उभी. त्यांना हरणी मारायची होती. रुख्मिणी छपराच्या तोंडाशी आडवी उभी होती.

गनीमियांनी औषधाची पुडी माझ्या हातात दिली. "तिले मारून काय होते?" ते शांतपणे म्हणाले. "ती मेली का तिच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतीन, अन् तुमच्याच बैलाईले धरतीन. त्यापेक्षा या, गोचीड कशी काढाची ते दाखवतो."

आणि त्यांनी खरंच दाखवलं. हाताला फडकं गुंडाळायचं, चिमट्याने तोंडाजवळ धरायची, सरळ ओढायची, रॉकेलच्या डब्यात टाकायची. नखावर चिरडायची नाही. काठ्या घेऊन आलेल्यांतला किसनराव दुसऱ्या दिवशी आपल्या बैलांच्या गोचिडी तशाच काढत होता.

कॅप्सूल सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी शालिग्रामचा ताप उतरला. उठून बसला आणि त्याने भाकर मागितली. रुख्मिणीने भाकर दिली आणि मग चुलीपाशी जाऊन बराच वेळ रडली. हरणीचा पाय महिन्याभरात भरला. शालिग्रामने तिला मळ्यापलीकडच्या माळावर सोडून दिलं.

रक्ताचा कागद यायला महिना लागला. ताप गोचिडीचाच होता. तो कागद घेऊन डॉक्टर भगवंतराव स्वतः खामगावहून आले. या रोग्याबद्दल त्यांना वैद्यकाच्या मासिकात लिहायचं होतं आणि त्यात गनीमियांचं नाव घालायचं होतं. मी त्यांना शेजारच्या गावी घेऊन गेलो. गनीमिया लिंबाखाली टोचत बसले होते. समोर बायांची मोठी रांग, कडेवर रडणारी पोरं.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. गनीमियांनी बरा कान पुढे करून ऐकलं.

"साहेब, नाव घाला, नाईतं नका घालू," ते म्हणाले. "पण लोणारच्या दवाखान्यात त्या कॅप्सूल ठेवाले सांगा. दरखेपेले खामगाव गाठता येत नाई."

"सांगतो," डॉक्टर म्हणाले.

"मंग बसा जरा. येवढी रांग होऊ द्या."

डॉक्टर बसले नाहीत. त्यांनी कोट काढून सायकलवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि पुढच्या पोराचा दंड धरला.