झाडाच्या वरची टेकडी

चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. तक्त्यावरची शेवटची ओळ दिसत नसली तरी गिऱ्हाईक तसं कबूल करत नाही. डोळे बारीक करतं, मान पुढे काढतं आणि अंदाजाने अक्षरं ठोकून देतं. आपला चष्मेवाला अशा वेळी मनातल्या मनात हसायचा. देवाने ते हसू ऐकून ठेवलं असावं, कारण पुढे त्याच्यावरही तीच पाळी आली.

झालं असं, की त्याच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी त्याला पळायला सांगितलं. त्याच सुमारास थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती त्याच्या घरी, पुढच्या खोलीत मुक्कामाला आली. ताई शाळेत खेळ शिकवायची. घरांमागची टेकडी ती तरुणपणापासून पळत चढलेली. आता डॉक्टर म्हणत होते, सपाटीवर चालाल, चढाचं विसरा.

"गुंड्या," ती म्हणाली. लहानपणी तो गोल होता म्हणून गुंड्या, आणि त्या नावाला अजून तडा गेला नव्हता. "तू टेकडीवर पळ. आणि आल्यावर मला सगळं सांगायचं. आता माझे पाय तूच."

पहिल्या दिवशी अर्ध्या चढावर, वाकड्या झाडाशी त्याच्या छातीचा भाता झाला. बुंध्याला टेकून तो थोडा वेळ बसला आणि परत फिरला. तो दारात दिसताच ताईने विचारलं, "माथा गाठलास?" तिचा चेहरा असा उजळला होता की त्याच्या तोंडून 'हो' निसटलं.

"काय होतं वर?"

"तळं," तो म्हणाला. "छोटंसंच."

खोटं हे असलं पाहुणं. उंबऱ्यात पाय ठेवू दिला की आत येऊन पथारी पसरतं. पुढे तळ्यावर बगळा आला, काठाला पांढरा दगड आला.

काही आठवड्यांत त्याचा दम वाढला. झाडाच्या पुढे जाणं आता सहज जमलं असतं. पण वर तळं नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर रोज कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून तो झाडाशीच वळायचा. वळायची लाज वाटायची, म्हणून पुन्हा खाली उतरून पुन्हा झाडापर्यंत पळायचा. अशा फेऱ्यांनी खालची अर्धी टेकडी त्याच्या अंगात मुरली. मुरूम कुठे सरकतो, डुगडुगणारा दगड कुठे, कुठल्या वळणावर वारा डाव्या कानात शिरतो, हे तळपायांना पाठ झालं. दुकानात कुणाच्या नाकावर फ्रेम बसवताना पावलं आपली चढावरच असायची. खालचं सगळं तो ताईला खरं सांगायचा, तपशिलाने, प्रेमाने. आणि झाड आलं की घसा खाकरून बगळा उडवायचा.

एका सकाळी ताई काठी घेऊन दारात उभी राहिली. "चल. तुझं तळं बघू."

"डॉक्टर नको म्हणालेत ताई."

"त्यांना माझा गुडघा कळतो. मी मला कळते."

त्याची बायको आतून म्हणाली, "घसरलात तर एकाच बाजूला घसरा, शोधायला बरं."

देवा, आत्ता पाऊस पाड, असं चष्मेवाल्याने मनोमन मागितलं. असली मागणी देव बाजूला ठेवतो. आभाळ लख्ख होतं.

ते हळूहळू चढले. "इथे पाऊल आडवं टाक," तो सांगत होता. "तो दगड नको, हलतो. आता वारा लागेल बघ." वारा लागला. ताई थांबली, तिने डोळे मिटून तो अंगावर घेतला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्याला चाबकासारखी लागली.

झाडाच्या पुढे वाट फुटत होती. तो रुंद वाटेला लागला. दहा-बारा पावलं गेल्यावर मागून काठीचा आवाज येईना, म्हणून त्याने वळून पाहिलं. ताई बुंध्याला टेकून बसली होती.

"तिकडे दगडाची खाण आहे," ती शांतपणे म्हणाली. "माथ्याची वाट ही, बारकी."

त्याचे कान तापले. जमिनीकडे बघत तो परत आला. "तुला कधी कळलं?"

"तळ्याच्याच दिवशी. वर कधी पाण्याचा थेंब ठरत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"खालचं खरं सांगायचास ना. पडल्या पडल्या माझे पाय तुझ्याबरोबर चालायचे. मुरूमसुद्धा लागायचा तळव्यांना." ती गुडघा चोळत होती. "झाड आलं की पाय अधांतरी लोंबायचे. रोज वाटायचं, आज तरी हा वर जाईल."

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कित्येक सकाळी माथ्याची वाट पाहिली होती आणि त्याने तिला बगळा दिला होता.

"मला याच्या वर होणार नाही आता," ताई म्हणाली. "तू जा."

तो पळाला. बारकी वाट परक्या घरासारखी होती. पाय अडखळत होते, काटे पोटऱ्यांना ओरबाडत होते, आणि ते ओरबाडणं त्याला बरं वाटत होतं. माथ्यावर पोचला, सभोवार पाहिलं आणि धावतच खाली आला.

"काही नाहीये ताई," तो धापा टाकत म्हणाला. "लोखंडी खांब आहे एक, वाकलेला. आणि शेळ्यांच्या लेंड्या. भरपूर."

ताई खुदकन हसली. तिचे डोळे भरून आले. "आहे अजून तो खांब? कुठल्या बाजूला वाकलाय रे? आमच्या वेळी नदीकडे होता."

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. 'नदीकडेच' हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभा होता.

"नाही बघितलं," तो म्हणाला, आणि पुन्हा बारक्या वाटेला लागला.