अलीकडे टेकलेली रेघ

बिंदुमाधव मास्तर गेले आणि त्यांच्या लेकीच्या, वेदवतीच्या पायाला भिंगरी लागली. कुवेंपुनगरच्या घरात ती या खोलीतून त्या खोलीत जाई, कशाला आलो ते विसरे, घासलेली भांडी पुन्हा घासायला काढी.

"सुम्मने, गप बैस की गं जरा," आई म्हणे. "तुझ्याकडं बघून मलाच धाप लागते."

बसलं की तो कागद डोळ्यांपुढे येई. मंडी मोहल्ल्यातला मुनव्वर पाशा शाळेत मास्तरांच्या हाताखाली चित्रकला शिकलेला. आता त्याचा स्वतःचा सुतारकामाचा कारखाना होता. त्याच्या गल्लीतल्या मशिदीत बायकांच्या नमाजाच्या खोलीला सागवानी जाळी बसायची होती, आणि तिचा नमुना मास्तरांनी शेवटच्या आजारपणात काढून दिला होता. नमुना म्हणजे तळहाताएवढा त्रिकोण फक्त. आरशात दिसावा तसा तो उलटत गेला की आठ टोकांची चांदणी पुरी होते, आणि चांदणीला चांदणी लागत खिडकी भरते. "दारातल्या रांगोळीचा ठिपका घातला नाही कधी," आई त्यांना टोमणा मारायची, "आणि पाशाच्या चांदण्या काढताना जेवायची शुद्ध नाही." मास्तर हसून पट्टी सरकवायचे.

काल पाशाने तो त्रिकोण संगणकावर घेऊन खिडकीभर पसरवला आणि तिला बोलावून घेतलं. त्रिकोणाच्या काठावर दोन रेघांनी एकाच बिंदूत भेटायला हवं होतं. त्यातली एक जराशी अलीकडे टेकली होती. कागदावर ते कुणाला दिसलंही नसतं. पण तोच त्रिकोण सगळीकडे असल्यामुळे प्रत्येक चांदणीची टोकं शेजारणीपासून सुटल्यासारखी झाली होती. लाकूड तिथे काडीइतकं बारीक राहणार होतं. पाशा म्हणाला, तुम्ही सांगाल तसं करू, पण उद्या कापायला हवं.

सकाळी सांगते म्हणून ती निघाली. घराकडे वळायचं सोडून स्कूटर हुणसूर रस्त्याला लागली, हिनकल आलं, तिथे काही काम नव्हतं, म्हणून ती परत फिरली.

ती रेघ तिला माहीत होती. ती काढता काढता बाबांनी मध्येच पेन्सिल उचलली होती, कॉफी मागितली होती, दोन घोट घेऊन कप ठेवला होता आणि उरलेली रेघ पुरी केली होती. त्यानंतर त्यांनी पेन्सिल धरली नाही. रेघ बदलली तर खिडकीत बाबांचं सगळं राहणार होतं, शेवटचं तेवढं जाणार होतं. आणि कुणी सांगावं, त्यांना तशीच हवी असेल? आयुष्यात त्यांनी काही अर्धवट सोडलेलं तिने पाहिलं नव्हतं. रात्रभर तिने हे स्वतःला समजावलं, आणि सकाळी त्यातलं काहीच पटेना.

कारखान्यात पाशाने स्टूल पुढे केलं. ती उभीच राहिली.

"राहू द्या, अक्का," पाशा म्हणाला. "मेष्ट्रूंचा, आपल्या मास्तरांचा हात आहे तो. मागून पट्ट्या मारतो, कुणाला कळायचं नाही. आमच्यात म्हणतातच, एखादी चूक ठेवावी. बिनचूक एक अल्ला."

तिने हे वाचलं होतं, आणि याला फारसा आधार नाही हेही वाचलं होतं.

"एकच असती तर ठेवली असती, पाशाभाई," ती म्हणाली. "ही खिडकीभर आहे."

म्हणाली खरी, पण हो की नाही ते तिलाच ठरवता येईना. तिने कागद उचलला, ठेवला, पुन्हा उचलून दाराकडे नेला. उन्हासमोर धरला तेव्हा काठावर सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. कंपासचं भोक. पहिली रेघ नेमकी त्यात उतरली होती. दुसरी त्याच्याच रोखाने निघाली होती, निम्म्यापर्यंत सरळ आली होती आणि मग ढळली होती.

म्हणजे त्यांना तशी नको होती. कुठे पोचायचं ते त्यांनी आधीच टोचून ठेवलं होतं. हात पोचला नव्हता, एवढंच. आता तिच्याकडे काही सबब उरली नाही.

"पेन्सिल द्या," ती म्हणाली.

पाशाने संगणकावर लगेच सरळ करून देतो म्हटलं. तिने नकारार्थी मान हलवली. मग त्याने कानावरची जाड पेन्सिल काढली, पटाशीने तासून टोक बारीक केलं, पट्टी आणि रबर तिच्यापुढे ठेवलं आणि फळ्या बघायच्या निमित्ताने पाठ फिरवली. तिने ढळलेला तुकडा खोडला. कॉफीआधीची अर्धी रेघ तशीच ठेवली, आणि तिथून भोकापर्यंत एका दमात ओढली.

पाशाने कागद पुन्हा संगणकावर घेतला. जाळीचा पहिला तुकडा मशीनमधून निघाला तेव्हा त्यावर भुसा होता. तिने तो हाताने पुसला, दोन चांदण्या जुळल्या होत्या त्या जागी अंगठा ठेवून दाबलं. लाकूड हललं नाही. तिने आणखी जोर लावला. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं. ती दाबतच राहिली.