शॉट चालू असताना

"असं नाही पप्पा, पाय ओढत चाला. चारशे किलोमीटर चालून आलाय तुम्ही."

"कुरुळीच्या कंपनीत सायकलनं जायचो, ते धर की त्यात." डोक्यावर बोचकं घेऊन पप्पा गच्चीवर चौथी फेरी मारत होते.

आई कपडे वाळत घालत हसली. "मिनल, काय ते नाटक गच्चीवर करा. खाली पाय ठेवायचा नाही."

एप्रिल २०२०. पप्पांची कंपनी बंद, माझा फिल्मचा कोर्स बंद. गावाकडे चालत निघालेल्या मजुरावर मी मोबाईलवर मूकपट करत होते. पप्पांना सूचना दोनच: तोंडावरचा गमछा काढायचा नाही आणि मी थांबवेपर्यंत बोलायचं नाही. बावीस वर्षं प्रेस मशीनवर सूचना पाळून त्यांनी दहाही बोटं शाबूत ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेल्यावर मी म्हणाले, "रिकाम्या रस्त्यावरचा एकच शॉट, पप्पा." बोचकं घेऊन ते मागच्या बोळातून मोठ्या रस्त्यावर गेले; तिथून आमच्या गल्लीकडे चालत यायचं होतं. मी गच्चीवरून कॅमेरा लावला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधून पोरं पहारा देत होती. बाहेरून येणारा माणूस त्यांना दिसला.

"ए, कुठून आला? कोरोना आणतो काय?"

पप्पा बोलले नाहीत. पहिला दांडका मांडीवर बसला. ते वाकले, तरी चालत राहिले. मला वाटलं, काय सुरेख करतायत! दुसरा पाठीत बसला. त्यांनी वर, माझ्याकडे पाहिलं. तिसरा डोक्यात. पडल्यावर कुणीतरी बरगडीत लाथ घातली, तेव्हा गमछा सुटला.

समोरच्या घरातला ज्योतीराम हातातला दांडका टाकून किंचाळला, "अरे, हे तर किसनकाका! काका, बोलायचं ना!"

मी गच्चीवरून धावत उतरले; आई खाली येईपर्यंत रस्त्यात पडलेलं बोचकं उचलून जिन्याखाली सारलं होतं.

"बाहेर कशाला गेले होते गं?"

"तुझ्या शुगरच्या गोळ्या आणायला."

पप्पा तिसऱ्या दिवशी गेले.

त्याला पाच वर्षं झाली. काल पप्पांच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला आलेल्या बायकांना आई सांगत होती, "माझ्या गोळ्यांपायी गेला माणूस." आज सकाळी तिने गोळी घेतली नाही. कालची आणि परवाचीही तशीच पाकिटात होती.

"घे ना, आई."

"नको. बास झालं आता. त्यांचा जीव खाऊन किती जगू?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"आई, पप्पा गोळ्यांना गेले नव्हते. मी पाठवलं होतं त्यांना, शॉटसाठी. पोरं मारत होती, आणि मी शूट करत होते."