नववं पान

कांताबाईंनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि अगदी वरच्या बारीक ओळीपासून सुरुवात केली.

"मुख्य पान. गोधड्या. पान एक."

"ती ओळ सोडा हो मावशी," अक्षता म्हणाली. "तुमच्या गोधड्या खाली आहेत."

कांताबाईंनी सोडली नाही. पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलेल्या माणसाला मधलं गाळून वाचता येत नाही.

शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांतून तात्याराव हस्तकलेच्या वस्तू इंटरनेटवर विकत. वाघोलीच्या चौदा बायकांच्या गोधड्या शेवटच्या, नवव्या पानावर होत्या. तिथवर गिऱ्हाईक पोचत नव्हतं, गुगललाही त्या सापडत नव्हत्या. महिनाअखेरीला ते पान काढायचं ठरलं होतं. म्हणजे चौदाजणींचं काम थांबणार होतं. काढण्याआधी एकदा पाहावं म्हणून त्यांच्यातल्या कांताबाई आल्या होत्या.

"हे कितवं पान?"

"नववं."

"मग हितं पान एक का लिवलंय?"

अक्षता हसत वाकली आणि तशीच राहिली. तिनं आठवं पान उघडलं, मग सातवं. सगळीकडे तीच ओळ. साइट बांधताना पहिल्या पानाचा साचा तिनंच पुढच्या पानांना लावला होता, फक्त गुगलला दिसणाऱ्या आतल्या पत्त्यासकट. गुगल नऊही पानांना एकच समजून पहिलं तेवढं ठेवत होतं. दोन वर्षं ती ओळ रोज तिच्या डोळ्यांसमोर होती.

"दारावर दुसऱ्याची पाटी," कांताबाई म्हणाल्या. "पोस्टमन तरी काय करील?"

तात्यारावांनी चष्मा काढून पुसला.

"कांताबाई, पगार आम्ही अक्षताला देतो. तुम्ही असं फुकट काम करू नका, तिला सवय लागेल." मग अक्षताकडे न बघता म्हणाले, "महिनाअखेरीला अजून वीस दिवस आहेत."

प्रत्येक पानाला त्याचा स्वतःचा पत्ता देऊन झाल्यावर, अठ्ठावीस तारखेला अक्षतानं कांताबाईंना बोलावून घेतलं. तिनं गुगलवर 'जुन्या लुगड्याची गोधडी' शोधलं. पहिलंच नाव त्यांच्या पानाचं आलं. आठवड्यात एकतीस गोधड्यांची मागणी आली होती. नाशिक, सांगली, थेट बंगळूरहूनसुद्धा.

"राहू दे ते पान," तात्याराव म्हणाले. "पण आता पहिल्या पानावर जागा मागू नका."

अक्षता पान उघडून भराभर खाली जाऊ लागली. कांताबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. वरून वाचू दे."

बोट ओळीवरून सरकलं.

"मुख्य पान. गोधड्या. पान नऊ." पुढचा शब्द नवा होता. तो त्यांनी आधी ओठांतल्या ओठांत जुळवला. "वाघोली."

तात्यारावांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि वरच्या ओळीपासून वाचायला लागले.