घरी नको

हॉस्पिटलमधून निघताना अर्लिंडाचं सगळ्यांनी कौतुक केलं. गोऱ्या नर्सने तर तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आपल्या घरात, आपल्या माणसांत जायला मिळतंय तुमच्या बाबांना. सगळ्यांच्या नशिबी नसतं हे," ती म्हणाली आणि तिचेच डोळे भरून आले. अर्लिंडाने घरी नेण्याच्या कागदांवर सह्या केल्या तेव्हा बाप औषधाच्या गुंगीत होता. दोघा कर्मचाऱ्यांनी त्याला उचलून पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागे पाडली, ऑक्सिजनचं छोटं सिलेंडर पायाशी ठेवलं. टुली एत्सिटी, वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी सोळा वर्षं युरेनियमच्या खाणीत उतरला होता, आणि त्या धुळीने त्याची फुफ्फुसं कधीच पोखरून टाकली होती. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले होते. फार तर तीन.

गॅलप शहर मागे पडलं. हमरस्ता सोडून मातीचा रस्ता लागला तेव्हा हादऱ्यांनी तो जागा झाला. एप्रिलचा वारा सुटला होता, वाळू काचेवर सपासप आपटत होती.

"ही गाडी माझ्यापेक्षा जास्त खोकते, पोरी."

तीन दिवसांत तो पहिल्यांदाच धड बोलला होता. अर्लिंडाला हसू आलं. "तिला अजून चौऱ्याऐंशी नाही झाली, बाबा."

"तू चालवतेस तशी चालवलीस तर उद्याच होतील." मग तो बराच वेळ बाहेर बघत राहिला. "हा रस्ता कुठला?"

"घरचा."

"कुणाच्या?"

"माझ्या. आपल्या. खिडकीपाशी पलंग लावलाय तुमच्यासाठी. तिथून डोंगर दिसतो."

त्याने डोळे मिटले. पुन्हा डोळा लागला असेल, असं तिला वाटलं.

"परत फिरव," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी फिरव. तिथं बरं होतं मला. तिथं रोज कोणी ना कोणी मरतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच खाटेवर दुसरा झोपतो. कुणाचं काही अडत नाही. तुझ्या घरात मी मेलो तर?"

"आता आपल्या लोकांत कोणी मानत नाही ते."

"रेनिटा मानत नाही?"

 रेनिटा ही अर्लिंडाची मुलगी, दोन लहान पोरांना घेऊन तिच्याकडेच राहत होती. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात रेनिटा पोरांना एक रात्रही झोपवणार नाही, हे अर्लिंडाला पक्कं ठाऊक होतं. आणि ती स्वतः? ती नऊ वर्षांची असताना आई घरातच गेली होती, भर थंडीत. बापाने जमातीच्या रीतीप्रमाणे उत्तरेची भिंत फोडून आईचा देह तिकडून बाहेर नेला, आणि परत कुणी त्या घरात पाऊल टाकलं नाही. चूल आत राहिली, घोंगड्या राहिल्या, अर्लिंडाचे शाळेचे बूटही राहिले. तो हिवाळा पाच भावंडं आणि बाप, सगळ्यांनी एका मोडक्या गाडीत काढला होता.

या नव्या घरासाठी तिने चौदा वर्षं वाट पाहिली होती. तीन खोल्या, आणि स्वयंपाकघरात नळ. पिंपं लादून पाणी आणण्यात जन्म गेला होता तिचा. बावन्नाव्या वर्षी स्वतःच्या घरात नळ सोडला तेव्हा ती नुसती बघतच राहिली होती.

मग सही का केली? नर्स इतक्या मायेने बोलत होती. अर्लिंडाला 'नको, इथंच राहू द्या त्यांना' म्हणायची लाज वाटली. पोटच्या पोरीला बाप जड झाला, असं त्या बाईला वाटलं असतं. एवढंच कारण होतं.

"माझी चूक झाली, बाबा."

"झाली तर झाली. फिरव."

तिने गाडी फिरवली.

हमरस्ता पंधरा मैल होता आणि तिथून पुढे गॅलप एक तास. सात-आठ मैल गेले असतील, त्याच्या छातीतून घरघर ऐकू येऊ लागली. तिने फोन काढून पाहिला. या भागात कधीच रेंज नसे.

"थांबव," तो म्हणाला.

"थोडं राहिलंय."

"गाडीत नको. मग ही गाडीही सोडावी लागेल तुला. कामावर काय मेंढीवर बसून जाशील? थांबव म्हणतो ना!"

तिने गाडीचा वेग वाढवला. मग एकदम वारा आत घुसला. त्याने पट्टा काढून दार उघडलं होतं. तिने करकचून ब्रेक दाबला.

लोकर कातरलेल्या मेंढीएवढंच वजन उरलं होतं त्याचं. तिने त्याला उचलून उतारावरच्या एका खुरट्या ज्युनिपरच्या झाडाखाली नेलं, घोंगडीत गुंडाळून खोडाला टेकवून बसवलं, सिलेंडर शेजारी ठेवलं.

"जा आता. गाडीत बस, तिकडं तोंड करून."

"एकट्याला टाकून?"

"मरणाऱ्याकडे बघायचं नसतं. एवढंही शिकवलं नाही वाटतं मी? काही लागलं तर हाक मारीन."

"आणि हाक आली नाही तर?"

"तर मग नाही आली." तो हसायला गेला आणि खोकतच राहिला.

ती गाडीत जाऊन बसली. आरसा वळवून ठेवला. वाऱ्याने गाडी हलत होती, आणि त्या आवाजात हाक आली असती तरी ऐकू आली नसती. समोरच्या टेकाडावर चढलं तर कदाचित रेंज मिळेल, चुलतभावाला बोलावता येईल, असं तिच्या मनात आलं. पण जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. ऊन उतरू लागलं. शेवटी ती खाली उतरली आणि मान खाली घालून, त्याच्या तोंडाकडे न बघता झाडापाशी गेली. तो खोडावरून एका अंगाला घसरला होता. तिने त्याला मागून सावरलं, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून बसली.

"ऐकत नाहीस," तो पुटपुटला.

"तुम्ही कुणाचं ऐकलंत जन्मात?"

 "पाठ गरम आहे तुझी," तो म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. घरघर वाऱ्यात मिसळून गेली. तिच्या पाठीला त्याची पाठ वर जाताना, खाली येताना कळत होती. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा तिला शंका आली. तिने स्वतःचा श्वास रोखला. मागे काहीच हललं नाही. तिने श्वास सोडला, पुन्हा घेतला, आणि तिच्या श्वासाबरोबरच त्याची पाठ वर गेली, खाली आली. तिने पुन्हा रोखून पाहिलं.

मग तिने रोखणं सोडून दिलं. ती उठली असती तर तो आडवा पडला असता. ती तशीच बसून राहिली, श्वास घेत.