चार खांद्यांवरची बाज

मी एक बाज आहे बाबांनो, बाभळीच्या लाकडाची नि अंबाडीच्या दोरीची. भूमच्या एका गल्लीत, कोंडीरामाच्या ओट्यावर माझं आयुष्य गेलं. निजणाऱ्याचं ओझं मला कधी जड वाटलं नाही. माणूस झोपत जातो तसतसा हलका होत जातो, जणू अंग इथं ठेवून तो कुठंतरी फिरायला निघतो. मीही मग त्याच्यासंगं थोडी जाते.

कोंडीराम दोर वळायचा. त्यानंच मला विणलं. त्याचा एकुलता मुलगा मल्हारी माझ्यावरच जन्मला. त्याच्या बायकोला, सारजाबाईला, शेक द्यायला खाली निखारे ठेवले, त्यांवर ओवा टाकला. तो वास माझ्या अंगात कितीतरी पावसाळे राहिला. मल्हारी वाढला, त्याचे पाय पायथ्याबाहेर लोंबू लागले, आणि एक दिवस निजामाच्या पलटणीत भरती होऊन तो समुद्रापार लढाईवर गेला. सुगी झाली, पुन्हा पेरण्या झाल्या, पण त्याचा निरोप नाही.

त्याच दिवसांत दवाखान्यातले कंपाउंडर खाजामियाँ लोकांना शिकवायला लागले, की जखमी माणसाला बांधायचं कसं, उचलायचं कसं. विमानातून बाँब पडायची भीती होती म्हणे. शिकायला पुष्कळ जमले, पण जखमी व्हायला कुणी तयार होईना. जित्या माणसानं आडवं पडायचं नि चौघांनी खांद्यावर न्यायचं, हे कुणाच्या घरी चालावं?

"मेल्याबिगर मी चौघांच्या खांद्यावर चढायचा न्हाय," कपडे शिवणारा फकीरभाई म्हणाला. "मेल्यावर तुमी नको म्हणला तरी चढंन."

सगळे हसले. कोंडीराम तेवढा हसला नाही. म्हणाला, "माझी बाज न्या. मी पडतो."

घरी सारजाबाईनं चूल तशीच सोडली. "पोरगं तिकडं लढाईत, अन् तुमी हितं तिरडीवर निजणार? त्याच्या जिवावर बेतंल ते."

"तिरडी न्हाय. आपली बाज हाय."

"चौघांनी उचलली की तिरडीच."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. भाकरी वाढायची नि तोंड फिरवून बसायची.

खाजामियाँनी विचारलं, "कोंडीरामभाऊ, घरात भांडण लावून कशापायी पडता?"

कोंडीराम माझ्यावर बसून दोर चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, "तिकडं माझ्या पोराला उचलणारे बी कुणावर तरी शिकले असतील. कुणाचा तरी बाप पडला असंल."

खाजामियाँनी मला न्यायला चौघांना बोलावलं.

बाजारतळाच्या लिंबाखाली शिकवणी सुरू झाली. चौघांनी मला उचललं, तेव्हा मला जमीन सुटल्याचा पहिल्यांदा अनुभव आला. वर पानं सरकत होती. मी पाण्यावर चालल्यासारखी डुलत होते, आणि माझ्यावरचा म्हातारा डोळे मिटून कुठं पोचला होता कोण जाणे.

"जखमीशी बोलत ऱ्हावा," खाजामियाँ सांगत होते. "नाव विचारा."

"बाबा, नाव काय तुमचं?" फकीरभाईनं विचारलं.

"मल्हारी," कोंडीराम डोळे न उघडता म्हणाला.

फकीरभाईनं खाजामियाँकडं बघितलं. त्यांनी होकाराची मान हलवली. तिथून पुढं सगळे त्याला त्याच नावानं हाक मारू लागले.

एका बाजाराच्या दिवशी सारजाबाई पदर खोचून आली. नवऱ्याला ओढून घरी न्यायलाच आली होती. पण लिंबाखाली पोचली तर कोंडीरामाच्या डोक्याला पट्टी होती, नि फकीरभाई त्याचे ओठ ओले करत होता.

"मल्हारी, डोळं उघड भावा. हे बघ पाणी. भिऊ नगं, आमी हाव न्हवं का."

सारजाबाई जागीच थांबली. आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून माणसं बाजूला झाली. ती पुढं आली. माझ्या लाकडावर हात ठेवून कितीतरी वेळ त्या झाकल्या डोळ्यांकडं बघत राहिली. मग फकीरभाईला म्हणाली, "पट्टी वाईच ढिली करा. त्याला आवळलेलं सोसत न्हाय."

फकीरभाईनं गाठ सोडून पुन्हा बांधली. चौघांनी मला उचललं.

"कुठं न्यायचं?" एकानं विचारलं. रोज धर्मशाळेपर्यंत नेत असत.

"घरी न्या," सारजाबाई म्हणाली.

भर बाजारातून आम्ही निघालो. ती माझ्या कडेला धरून चालत होती. कोंडीरामाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. बाजारकरी वाट देत होते. कुणी विचारलं नाही, कोण आहे म्हणून.

मल्हारीची खबर आली नाही. ना बरी, ना वाईट. शिकवणी चालली तोवर सारजाबाई रोज माझ्या कडेनं चालली. आता ती दोघंही नाहीत. माझी दोरी कुजलीय, एक पाय निखळलाय, कुडाला टेकून उभी आहे. दुपारी डोळा लागतो तेव्हा मी अजून खांद्यांवर डुलत असते.

तुमच्यापाशी माझं एवढंच मागणं आहे. परका माणूस कुठं पडलेला दिसला, तर त्याची आई शेजारी उभी राहून बघतेय असं समजा, आणि मग त्याला हात लावा.